ओ'नील: आडनाव, लाल हात, आणि ढाल नेमकी कोणाची?

शिक्कामोर्तब

डब्लिनमधल्या भेटवस्तूंच्या दुकानांत आडनावांच्या क्रमाने लावलेल्या ढाली विकायला असतात. मर्फी घ्या, केली घ्या, ओ'नील घ्या. ओ'नीलच्या ढालीवर लाल हात असतो आणि खाली लिहिलेलं असतं 'ओ'नील घराण्याचं कुलचिन्ह'. हा धागा त्या एका वाक्यातल्या चुकीवर आहे.

आडनावाला कुलचिन्ह नसतं. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या सिद्ध होणाऱ्या वंशजांकडे जातं. आपल्याकडे 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही राजमुद्रा शिवाजी महाराजांची. संभाजीराजांनी गादीवर आल्यावर स्वतःची वेगळी मुद्रा केली. भोसले आडनाव आहे म्हणून ती मुद्रा कोणी आपल्या लेटरहेडवर छापत नाही. आयर्लंडमध्येही हिशेब साधारण तसाच आहे.

आता ओ'नीलच का? कारण या एका आडनावात सगळे घोळ एकत्र सापडतात.

पहिला घोळ नीअल नावाच्या दोन राजांचा. पाचव्या शतकाच्या आसपासचा 'नऊ ओलिसांचा नीअल' हा अर्धा दंतकथेतला. त्याच्या वंशजांच्या सगळ्या घराण्यांना मिळून 'ई नेल' म्हणतात. ते आडनाव नव्हे, राजवंशाचं नाव आहे. ओ'डॉनेल त्यात येतात, मॅक्लॉक्लिनही येतात. ओ'नील हे आडनाव दुसऱ्या नीअलवरून आलं: नीअल ग्लूनडुव, म्हणजे काळ्या गुडघ्याचा नीअल. हा तारा या राजपीठाचा राजा ९१९ साली डब्लिनजवळ नॉर्सांशी (व्हायकिंगांशी) लढताना पडला. त्याचा नातू डोनल (मृत्यू ९८०) स्वतःला 'उआ नेल' म्हणवायचा. उआ म्हणजे नातू, आणि तो खरोखरच नातू होता. पुढच्या पिढ्यांनी, नातं नातवाचं उरलं नसतानाही, तोच शब्द चालू ठेवला आणि त्याचं आडनाव झालं. 'उआ'चं पुढे 'ओ' झालं.

दुसरा घोळ काळाचा. ढालीवरची वंशपरंपरागत चिन्हं आयर्लंडमध्ये अँग्लो-नॉर्मन लोकांनी आणली, ११६९ नंतर. त्यामुळे 'आमच्या पूर्वजाने ९१९ च्या लढाईत लाल हाताची ढाल वापरली' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. ओ'नीलांच्या हाताचा जुना भक्कम पुरावा चौदाव्या शतकातला आहे: अल्स्टरचा (आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांताचा) राजा ए रेव्हर ओ'नील (मृत्यू १३६४) याच्या मोहरेवर ढालीत हात कोरलेला आहे. मोहरेला रंग नसतो, म्हणून तेव्हा तो हात लाल होता का हे त्या मोहरेवरून ठरत नाही.

हात का, याबद्दल बोटींच्या शर्यतीची एक गोष्ट सांगतात. जो आधी किनाऱ्याला हात लावेल त्याची जमीन, म्हणून एकाने स्वतःचा हात तोडून किनाऱ्यावर फेकला. गोष्ट झकास आहे, पुरावा शून्य. बरं, हाताचा मान एकट्या ओ'नीलांचाही नव्हता. मॅगेनिस घराण्याच्या ढालीतही, हिरव्या जमिनीवर (म्हणजे ढालीच्या पार्श्वभूमीवर) सोन्याचा सिंह आणि वरच्या चांदीच्या पट्ट्यात लाल हात आहे. हात नेमका कोणाचा यावर दोन्हीकडच्या भाट कवींची जुंपली होती.

---

अर्धवटराव

वाचनखूण साठवली. दोन शंका. ओ' मधलं ते स्वल्पविरामासारखं चिन्ह इंग्रजी 'ऑफ'चं आहे ना? आणि नीलन, नील, ओ'नील, मॅकनील हे सगळे एकच का?

---

फाडा

नाही. ते चिन्ह इंग्रजी कारकुनांची देणगी. आयरिशमध्ये ओ या अक्षरावर तिरकी रेघ असते, तिला फाडा म्हणतात. तिने स्वर दीर्घ होतो. कारकुनाला ती रेघ उलटा स्वल्पविराम वाटली, त्याने ती बाजूला सरकवली. 'ऑफ'शी काही संबंध नाही.

स्त्रियांचं रूप वेगळं असतं हे शोध घेताना विसरू नका. मुलगी 'नी नेल', बायको 'बॅन ई नेल' किंवा नुसतं 'ई नेल'. 'ओ नेल' हा पुरुषाचाच. आयरिशमधल्या एखाद्या दस्तात 'नी नेल' आली की लोक तिला वेगळ्याच आडनावाची बाई समजून सोडून देतात.

दुसऱ्या शंकेबद्दल. नीलन वेगळं. बॅराचे मॅकनील स्कॉटलंडचे, ते वेगळं कूळ. इंग्लंडमधले नील किंवा नीअल बरेचदा आयरिश नसतातच: नीअल हे नाव नॉर्स लोकांनी उचलून न्याल केलं, ते नॉर्मंडीमार्गे इंग्लंडात गेलं आणि तिथे त्याची आडनावं बनली. नाव मूळ गेलिक (म्हणजे आयरिश), आडनाव इंग्रज.

आयर्लंडमध्येसुद्धा ओ'नील एकच कूळ नाही. उत्तरेतल्या टिरोन परगण्याचे सगळ्यांत प्रसिद्ध. त्यांचीच एक शाखा क्लॅनडेबॉय, म्हणजे अँट्रिम आणि डाउन या परगण्यांचा भाग. पण क्लेअर, कार्लो आणि वॉटरफर्ड इथे ओ'नील नावाची स्वतंत्र कुळं होती, त्यांचा नीअल ग्लूनडुवशी संबंध नाही. क्लेअरच्या काहींचं इंग्रजीत निहिल झालं. आपल्याकडे जाधव आडनाव असलेले सगळे सिंदखेडचे नसतात, तसंच.

---

वहीवाट

फाडा यांनी सांगितलेल्यात सर्वांत कामाचं हेच. १८९० च्या जन्मनोंदींवरून नोंदणी खात्याच्या मॅथेसनने आडनावांचा अहवाल केला, त्यात ओ'नील देशात दहाव्या क्रमांकावर येतं. एवढ्या पसरलेल्या आडनावात जिल्हा कळल्याशिवाय कुळाबद्दल बोलणं म्हणजे वाऱ्यावरची वरात.

कोणाला खरंच शोधायचं असेल तर, म्हणजे परदेशात राहणारे आपले लोक ज्यांच्या घरात लग्नाने आयरिश आडनाव आलं आहे, त्यांनी उलट चालत जावं. आजपासून मागे. ढाल सगळ्यांत शेवटी.

आधी १९०१ आणि १९११ ची जनगणना. दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. शोधताना ओ'नील, ओ'नीअल, नील, नीअल, निल, सगळं टाकून बघा. सतराव्या-अठराव्या शतकात लोकांनी 'ओ' गाळला होता आणि १८९३ ला गेलिक लीग ही आयरिश भाषेसाठीची संघटना निघाल्यानंतरच्या वातावरणात बऱ्याच जणांनी तो परत लावला. एकाच घरात बाप नील आणि मुलगा ओ'नील सापडतो. ती चूक नव्हे.

वयावर विश्वास ठेवू नका. १९०१ ला ५५ असलेली बाई १९११ ला ७१ ची होते. कारण १९०८ चा म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा: ७० पूर्ण झाले की पेन्शन, देणं १९०९ च्या जानेवारीपासून. जन्मदाखला अनेकांकडे नव्हताच. मग वय सिद्ध करायला १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्यांच्या आईबापांचं घर शोधलं जायचं. त्या शोधांचे फॉर्म शिल्लक आहेत, आणि मूळ जनगणना जळाल्यामुळे आज त्या फॉर्मांची किंमत सोन्यासारखी आहे.

मग नागरी नोंदी. कॅथलिकेतर लग्नं १८४५ पासून, बाकी सगळे जन्म, मृत्यू, लग्नं १८६४ पासून. इथला सापळा असा की जन्म तीन महिन्यांत नोंदवला नाही तर दंड होता. उशीर झालेले आईबाप तारीख पुढे ढकलून सांगायचे. म्हणून बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या आधीची दिसली तर गोंधळू नका, चर्चची खरी धरा.

त्याच्या मागे ग्रिफिथचं मूल्यांकन (१८४७ ते १८६४). हे जमिनीच्या कब्जेदारांचं रजिस्टर, आपल्या सातबाऱ्यातल्या कब्जेदार सदरासारखं. पण घरातल्या बाकीच्यांची नावं त्यात नाहीत. त्याआधी टाइथची, म्हणजे चर्चसाठीच्या दशांश कराची, पुस्तकं (१८२३ ते १८३७).

---

डब्लिनकर

एक भर. १८२१ ते १८५१ च्या जनगणना १९२२ मध्ये फोर कोर्ट्सच्या इमारतीतल्या अभिलेखागारात जवळजवळ सगळ्या जळाल्या, हे सगळे सांगतात. पण १८६१ आणि १८७१ च्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या, आणि १८८१, १८९१ च्या पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेल्या. म्हणजे सगळं खापर आगीवर फोडू नये.

कॅथलिक पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या) वह्या नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये ऑनलाइन टाकल्या, साधारण १८८० पर्यंतच्या. तिथे नुसते फोटो आहेत, सूची नाही. पॅरिश माहीत असेल तरच तिथे उपयोग. आणि कॅथलिक पॅरिश व सिव्हिल (सरकारी) पॅरिश या वेगळ्या सीमा आहेत. ग्रिफिथमध्ये सिव्हिल पॅरिश मिळते, ती घेऊन कॅथलिक वह्यांत शोधलं की काही सापडत नाही, आणि लोक म्हणतात नोंदच नाही. टाउनलँड पकडा. ते सगळ्यांत लहान एकक, गावाच्या वाडीएवढं. वाडी सापडली की बाकी सगळं लागतं. उत्तरेकडच्या सहा परगण्यांसाठी बेलफास्टचं अभिलेखागार वेगळं, तेही बघावं लागतं.

---

फाडा

वह्या लॅटिनमध्ये असतात, त्याबद्दल. ओ'नीलांच्या घरात ठरावीक नावं फिरतात आणि प्रत्येकाला दोन-तीन वेष आहेत. ए हा इंग्रजीत ह्यू, लॅटिनमध्ये ह्यूगो. फेलिम हा फेलिक्स होतो. तुरलॉखचा टेरेन्स होतो (उत्तर आयर्लंडचे १९६३ ते १९६९ चे पंतप्रधान टेरेन्स ओ'नील आठवा). ओवनचा यूजिनियस, ब्रायनचा बर्नार्डस, कॉनचा कॉर्नेलियस. एकच माणूस बाप्तिस्म्यात यूजिनियस, ग्रिफिथमध्ये ओवन आणि मृत्यूनोंदीत यूजीन निघतो. तीन माणसं समजून झाडावर तीन फांद्या काढलेली वंशावळ ऑनलाइन ढिगाने मिळेल.

---

अर्धवटराव

एवढं सगळं करून टिरोनच्या अर्लपर्यंत, म्हणजे त्या प्रसिद्ध ओ'नील सरदारापर्यंत, पोचता येतं का?

---

वहीवाट

साध्या शेतकरी घराण्याचा माग १८०० च्या आसपास, फार तर थोडा मागे, थांबतो. टिरोनच्या बऱ्याच कॅथलिक वह्याच १८२० नंतर सुरू होतात. तिथून १६०७ पर्यंत मधली दोनशे वर्षं रिकामी. १६६० च्या दशकातल्या चूलपट्टीच्या याद्या आहेत, १७९६ ची जवस पिकवणाऱ्यांची यादी आहे, पण त्यांत नुसती नावं आहेत. एका यादीतला फेलिम दुसऱ्या यादीतल्या फेलिमचा बाप होता, हे कशावरून?

१६०७ का, तर त्या वर्षी ह्यू ओ'नील, टिरोनचा दुसरा अर्ल, रॅथमलनहून जहाजात बसून देश सोडून गेला. रोममध्ये १६१६ ला वारला, सान पिएत्रो इन मोंतोरियो या चर्चमध्ये पुरला आहे. पुढे अल्स्टरमधली जमीन इंग्रज आणि स्कॉट वसाहतवाल्यांना वाटली गेली. जमीन गेली की कागदही गेले. ज्यांचा माग सलग लागतो ते बहुतेक परदेशी सैन्यात गेलेले. स्पेनमध्ये सरदारकीची पात्रता सिद्ध करायला वंशावळ द्यावी लागे, म्हणून तिथे कागद टिकले. क्लॅनडेबॉयची एक शाखा अठराव्या शतकात पोर्तुगालात गेली आणि तिथेच रुजली. लिस्बनचा कवी आलेशांद्रे ओ'नील (१९२४–१९८६) याचं आडनाव पोर्तुगीज कवितेत त्याच वाटेने आलं.

आणखी एक टोचणी. अँट्रिमच्या शेन्स कॅसलचे बॅरन ओ'नील पुरुष वंशाने चिचेस्टर या इंग्रज घराण्यातले आहेत. १८५५ मध्ये त्यांनी वारशासोबत ओ'नील आडनाव घेतलं, बॅरनकी १८६८ ची. त्यांच्या ढालीचा आधार धरून आपली ढाल ठरवू नका.

---

शिक्कामोर्तब

वहीवाट यांनी पाया घातला. आता ढालीकडे.

ओ'नीलांची प्रचलित ढाल अशी. चांदीच्या जमिनीवर दोन लाल सिंह मागच्या पायांवर उभे, तोंडं समोरासमोर, दोघांनी मिळून मधला लाल हात धरलेला. हात मनगटापाशी सरळ कापलेला. वर तीन लाल तारे. खाली समुद्राच्या लाटा आणि त्यांत पोहणारा सामन मासा. शिरस्त्राणावरची खूण, म्हणजे क्रेस्ट: चिलखती वाकलेला हात, मुठीत तलवार. ब्रीदवाक्य 'लाव जॅरग एरन', आयर्लंडचा लाल हात.

लोक सगळ्या चित्रालाच क्रेस्ट म्हणतात, ते चूक. क्रेस्ट फक्त शिरस्त्राणावरचा तुकडा. ढाल वेगळी.

स्वस्त छापील चित्रांत या गोष्टी तपासा.

तारे: ढालीच्या वर्णनात 'एस्टॉइल' आहे, म्हणजे सहा नागमोडी किरणांचा तारा. पाच सरळ टोकांचा 'मलेट' वेगळा. दुकानांत सर्रास मलेट दिसतो.

हाताचा शेवट: सरळ कापलेला. फाटल्यासारख्या दातेरी कडेचा असेल तर ते 'इरेज्ड', वेगळं वर्णन.

हात उजवा की डावा: इथे सगळ्यांत जास्त गडबड. तळवा आपल्याकडे आणि बोटं वर असतील, तर अंगठा आपल्या उजवीकडे दिसला की हात उजवा. स्वतःचा तळहात समोर धरून बघा. अल्स्टरचा हात उजवा धरतात. डावा हात मात्र बॅरोनेटांची खूण आहे. इंग्लंडचा राजा जेम्स पहिला याने १६११ मध्ये बॅरोनेट हा किताब काढला, उद्देश अल्स्टरच्या वसाहतीसाठी पैसा. प्रत्येकाने ३० शिपायांचा तीन वर्षांचा पगार द्यायचा, रोज ८ पेन्स दराने. दिवसाला बरोबर १ पौंड, एकूण १०९५ पौंड. म्हणून ढालीच्या कोपऱ्यात किंवा मध्यावर छोट्या चांदीच्या ढालीत डावा लाल हात दिसला तर तो घराण्याचा हुद्दा सांगतो, आडनाव नव्हे. इंग्लंडमधल्या एखाद्या घराण्याच्या ढालीवर तो दिसला म्हणून 'हे मूळचे ओ'नील' असं ठरवणारे महाभाग आहेत.

अल्स्टरचा ध्वज हेही वेगळं प्रकरण. सोनेरी जमिनीवरचा लाल क्रूस द बर्ग या नॉर्मन अर्लांचा, त्यावर मध्ये चांदीच्या ढालीत ओ'नीलांचा हात. दोन शत्रूंचा एकत्र संसार.

---

अर्धवटराव

मग ही ढाल कायद्याने कोण वापरू शकतो? पैसे भरून घेता येते का?

---

डब्लिनकर

आयर्लंडमध्ये १५५२ पासून अल्स्टर किंग ऑफ आर्म्स हे कुलचिन्हं देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद होतं, नाव अल्स्टर असलं तरी अधिकार सगळ्या बेटावर. १९४३ मध्ये आयरिश सरकारने कचेरी ताब्यात घेतली, आणि पुढे चीफ हेरल्ड ऑफ आयर्लंड हे पद आलं, पहिला एडवर्ड मॅकलायसॅट. आज ती कचेरी नॅशनल लायब्ररीचा भाग आहे, किल्डेअर स्ट्रीटवर. उत्तर आयर्लंडचा अधिकार लंडनच्या नॉरॉय अँड अल्स्टर या तशाच अधिकाऱ्याकडे गेला.  

चीफ हेरल्डकडे अर्ज करून नवी ढाल मिळते. आयरिश नागरिक किंवा आयरिश वंशाचे अर्ज करू शकतात. जन्म-लग्नाचे दाखले, अर्ज, मग कचेरी रेखाटन सुचवते, त्यावर चर्चा, मग चर्मपत्रावर हाताने रंगवलेली सनद आणि रजिस्टरात नोंद. दोन सिंह आणि सामन जशाच्या तशा मिळणार नाहीत. लाल हाताचा किंवा सामनचा धागा ठेवून नवी रचना मिळेल.

जुनी ढाल हवी असेल तर तिच्या धारकापासून आपल्यापर्यंतची प्रत्येक पिढी कागदांनी जोडावी लागते. एक कडी तुटली की अर्ज तुटला.

---

शिक्कामोर्तब

मॅकलायसॅट यांनी याबाबत थोडा सैल विचार मांडला होता: कुळाच्या माणसाने कुळाची ढाल भिंतीवर लावली तर हरकत नाही, पण अंगठीवर किंवा कागदावर स्वतःची म्हणून वापरू नये. मला तो पटतो. शर्त एकच, तुम्ही त्या कुळाचे असलं पाहिजे. वॉटरफर्डच्या ओ'नीलाने टिरोनची ढाल भिंतीवर लावणं म्हणजे शेजारच्याच्या आजोबांचा फोटो लावून हार घालण्यासारखं.

कुळप्रमुखाला सरकारी मान्यता द्यायची प्रथा २००३ मध्ये बंद झाली. मॅकार्थी मोर या पदवीच्या एका दावेदाराची वंशावळ खोटी निघाली, त्यानंतर सरकारने हात झटकले.

---

पाथरवट

दगडावर किंवा चांदीवर रंग नसताना ढाल कशी वाचायची, हे कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. सतराव्या शतकापासून रेघांची खूण ठरलेली आहे. लाल म्हणजे उभ्या रेघा. निळा आडव्या. काळा उभ्या-आडव्या जाळीच्या. हिरवा आपल्या डावीकडे वरून उजवीकडे खाली जाणाऱ्या तिरक्या. सोनं ठिपक्यांचं, चांदी कोरी. म्हणून ओ'नीलची चांदीच्या चमच्यावरची ढाल ओळखायची तर जमीन कोरी आणि सिंह, हात, तारे उभ्या रेघांचे. घासून घासून रेघा गेल्या की सगळं कोरं वाटतं, मग रंग सांगायला जाऊ नये.

जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या फरशीतल्या थडग्यांवर पोर्तुगीज घराण्यांच्या ढाली आहेत. तिथे रेघांपेक्षा आकारांवर भर द्या, पायांनी दगड झिजलेला आहे. आणि ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, आपली डावी. हे विसरलं की अख्खं वर्णन उलटं होतं.

---

अर्धवटराव

पाथरवट, शेवटचा प्रश्न. शिक्क्याच्या अंगठीवर हात कोरलेला आहे, अंगठा डावीकडे दिसतो. म्हणजे बॅरोनेटाची?

---

पाथरवट

लगेच नाही. शिक्क्याची अंगठी उलटी कोरतात, म्हणजे लाखेवरचा ठसा सुलटा येतो. अंगठीवर अंगठा डावीकडे असेल तर ठशात तो उजवीकडे येईल, आणि हात उजवा निघेल. कणकेचा घट्ट गोळा घ्या, वरून चिमूटभर पीठ भुरभुरा म्हणजे चिकटणार नाही, अंगठी सरळ दाबून सरळ उचला. फिरवू नका, नाहीतर कडा पुसतात. ढाल त्या ठशावरून वाचा. ठशात बाजूला अक्षरं असतील तर ती सुलटी वाचता येतात का तेही बघा. अक्षरं उलटी उमटली तर अंगठी शिक्क्यासाठी नाही, नुसती शोभेची कोरलेली आहे, आणि मग अंगठीवर दिसतो तोच हात खरा धरा.